एक सेमिस्टर बर्लिनला: क्रेडिट, कागद आणि उलटी पिग्मी

माझा मामेभाऊ चंदगडचा, मी बेळगावजवळच्या उचगावची. मामाच्या घरी जायचं तर तासाभराचा रस्ता, शिनोळी आली की महाराष्ट्र. त्याचं कॉलेज कोल्हापूरला, माझं बेळगावला. आम्ही दोघंही बर्लिनला एकेक सेमिस्टर शिकून आलो. मी आधी गेले, तो दीड वर्षानं. व्हिसासाठी मात्र त्याला मुंबईची वाट धरावी लागली आणि मला बेंगळूरची. जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे महाराष्ट्र आणि गोवा येतात, बेंगळूरच्या दूतावासाकडे कर्नाटक आणि केरळ. आमच्या घरी सोयरीक एक, बाजार एक, बोली एक. पण अर्ज कुठं द्यायचा हे राज्याच्या हद्दीवर ठरलं. सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही.

परत आल्यापासून ओळखीची माणसं विचारतात. कुणी मळेकरणीच्या देवळात गाठतं, कुणी आपल्या मुलीला घेऊन घरीच येतं. प्रश्न ठरलेला: "सहा महिने जाऊन डिग्री कुठली मिळती?" डिग्री तिथली मिळत नाही. हे आधी नीट समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

सेमिस्टर एक्स्चेंज म्हणजे विद्यार्थी आपल्याच कॉलेजचा राहतो. प्रवेश इथला, पदवी इथली. फक्त एका सेमिस्टरचे विषय दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायचे, तिथं परीक्षा द्यायची आणि ते गुण इथल्या मार्क्सकार्डात आणायचे. दोन संस्थांत सामंजस्य करार असेल तर साधारण पद्धत अशी की फी आपल्या कॉलेजात भरायची, तिथं शिकवणीची फी माफ. करार नसेल तर स्वतः अर्ज करून बाहेरचा विद्यार्थी म्हणूनही जाता येतं. मग तिथली फी असेल ती आपण भरायची आणि क्रेडिट मिळवण्यासाठीचं भांडणही आपण एकट्यानं करायचं. तिसरा प्रकार ट्विनिंगचा, म्हणजे अभ्यासक्रमच दोन विद्यापीठांनी वाटून घेतलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंगमध्ये एकूण क्रेडिटपैकी जास्तीत जास्त ३० टक्के परदेशात मिळवता येतात. कॉलेजच्या माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठाचं बोधचिन्ह दिसलं की पालक खूश होतात. पण यातला नेमका कुठला प्रकार, करार अजून चालू आहे का, आणि आपल्या शाखेला लागू आहे का, हे तीन प्रश्न तिथं उभं राहून विचारायला हवेत.

आता क्रेडिट. सगळं याच्यावर अडतं, म्हणून इथं जरा थांबू.

आपल्याकडं पूर्वी तांदूळ शेर-मापट्यानं मोजायचे, आता किलोनं मोजतात. तांदूळ तोच, माप बदललं. क्रेडिट हे अभ्यासाचं माप आहे. युरोपात ते माप ईसीटीएस नावाचं. वर्षभराचा पूर्ण अभ्यास म्हणजे ६० ईसीटीएस, एका सेमिस्टरला ३०. एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्यानं घातलेले २५ ते ३० तास, आणि यात वर्गातला वेळ, घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं. आपल्याकडं नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २०. तेव्हा तिथला सहा ईसीटीएसचा एक विषय इथल्या साधारण चार क्रेडिटच्या विषयासमोर ठेवता येतो.

ठेवता येतो, आपोआप ठेवला जात नाही. तिथला विषय आणि इथला विषय यांचा अभ्यासक्रम पुरेसा जुळतो, हे आपल्या विभागप्रमुखांना पटायला लागतं, आणि पटलं की ते कागदावर यायला लागतं. त्या कागदाला लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात. डाव्या बाजूला तिथले विषय, उजव्या बाजूला इथले कुठले विषय त्यामुळे माफ होणार ते, आणि खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, आपल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. बॅग भरण्याआधी, तिकीट काढण्याआधी, अगदी घरी सांगण्याआधी हा कागद. माझं हे मत कुणाला टोकाचं वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे.

कारण माझं काय झालं ते सांगते. मी सहा-सहा ईसीटीएसचे पाच विषय लिहून नेले होते, हिशेबानं तीस. तिथं पहिल्याच आठवड्यात कळलं की त्यातला एक विषय त्या सेमिस्टरला फक्त जर्मनमध्ये शिकवणार आहेत. मी त्याऐवजी दुसरा, तेवढ्याच क्रेडिटचा विषय घेतला, मन लावून केला, चांगली पासही झाले. पण बदललेल्या विषयासाठी इथल्या विभागाची नवी सही घेतली नाही. इमेलनं कळवलं होतं आणि "ठीक आहे" असं उत्तरही आलं होतं. परत आल्यावर मला सांगितलं गेलं की नव्या विषयाला मंजुरी नाही. ती इमेल मंजुरी धरली गेली नाही. इथला राहिलेला विषय मी पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलांबरोबर बसून काढला. विषय बदलणं ही तिथं नेहमीची गोष्ट आहे. त्यासाठीच लर्निंग अॅग्रीमेंटमध्ये जाण्याआधीचा, तिथं असतानाचा आणि परत आल्यावरचा असे तीन भाग असतात. मधला भाग भरून, स्कॅन करून, सही होऊन परत येईपर्यंत पाठ सोडायची नाही.

गुणांचा घोळ वेगळाच. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० म्हणजे नापास. आकडा जितका लहान तितकं यश मोठं. माझ्या पहिल्या निकालावर १.७ बघून आई फोनवर एकदम गप्प झाली होती. इथले गुण तिथल्या मापात बसवण्यासाठी जर्मन विद्यापीठं एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे. मग सर्वोच्च गुणांतूनच पास होण्याचे किमान गुण वजा करायचे. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागायचं, तीननं गुणायचं, एक मिळवायचा. दहापैकी आठ सीजीपीए असेल आणि पास व्हायला चार लागत असतील, तर दोन भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक: २.०. उलट बाजूनं, म्हणजे तिथला १.७ इथं किती, याचं कोष्टक आपलं कॉलेज ठरवतं. तेही जाण्याआधी लेखी मागून घ्या.

वेळापत्रकाकडं फार कमी मुलं बघतात. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि परीक्षा त्याच्या शेवटाला. उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिलपासून, तास जुलैपर्यंत. आपलं विषम सेमिस्टर डिसेंबर-जानेवारीला संपतं आणि सम सेमिस्टर फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं. मी हिवाळ्यात गेले. मी तिथं परीक्षेला बसले होते तेव्हा इथं पुढच्या सेमिस्टरचे तास चालू झाले होते आणि पहिली इंटर्नल हुकली. उन्हाळी सेमिस्टर आपल्या सम सेमिस्टरवर बरंचसं बसतं. आपल्या भागातल्या मुलांनी शक्य असेल तर उन्हाळीच घ्यावं असं मला वाटतं. शिवाय बर्लिनमध्ये डिसेंबरात सूर्य सकाळी सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. उन्हात वाढलेल्या माणसाला ते सोसणं सोपं नाही. मला दुपारी चारला खिडकीबाहेर काळोख बघून रडू यायचं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पैसे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. दर सेमिस्टरला एक वर्गणी असते, बर्लिनमध्ये ती तीनशे युरोच्या वर जाते आणि तिच्यात प्रवासाचा पासही येतो. खर्च खरा राहण्या-खाण्याचा. ते पैसे आहेत हे व्हिसा मागतानाच सिद्ध करायचं असतं, आणि त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे श्पेरकोंटो, बंद खातं.

हे समजायला बेळगावच्या माणसाला दोन मिनिटं पुरतात, कारण आपल्याला पिग्मी माहीत आहे. सोसायटीचा पिग्मीवाला रोज दुकानात येतो, पन्नास-शंभर घेऊन जातो, वर्षाअखेर एकरकमी हातात येतात. बंद खातं म्हणजे उलटी पिग्मी. आधी एकरकमी भरायचे, मग दर महिन्याला ठरावीक रक्कम सुटते, त्याहून जास्त मागूनही मिळत नाही. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरोला शंभर रुपये धरले तर सहा महिन्यांचे सहा लाखांच्या जवळ. हे पैसे फी नाहीत, आपलेच आहेत, आपल्यावरच खर्च व्हायचे आहेत. पण एकदम उभे करायचे असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अडतं ते इथंच. म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी अर्जाच्या आधी. करारातून जाणाऱ्यांना कधी कधी शिष्यवृत्ती असते, आणि तिचं पत्र त्या महिन्यांपुरतं बंद खात्याच्या जागी चालू शकतं. शिकता शिकता काम करून भागवू, या भरवशावर निघू नये. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे खरी. पण सहा महिन्यांतले पहिले दोन कागदपत्रांत आणि शेवटचा परीक्षेत जातो. आरोग्य विम्याचे महिन्याला सव्वाशे-दीडशे युरो वेगळे धरा, तो सक्तीचा आहे. व्हिसाची फी ७५ युरो.

नावाकडं लक्ष द्या. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर आडनाव आधी, पीयूसीच्या (बारावीच्या) कार्डावर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, आणि पासपोर्टवर सगळं एका रांगेत, आडनावाचा रकाना मोकळा: असं कितीतरी जणांचं असतं. इथं आपण "तोच माणूस हाय की" म्हणून चालवतो. तिथल्या कारकुनाला ती दोन माणसं दिसतात. पासपोर्ट काढतानाच नाव आणि आडनाव वेगळं करून घ्यावं आणि बाकी सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणे भरावेत. जन्मगावाचंही तसंच. बेळगावचं नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून बेळगावी झालं, त्यामुळं आमच्या वयाच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर एक नाव आणि पुढच्या कागदांवर दुसरं. अर्जात पासपोर्टवर आहे तेच लिहायचं. जन्मदाखला, रहिवासी दाखला यातलं काही फक्त कन्नडमध्ये असेल आणि कुणी मागितलं तर अधिकृत भाषांतर करून घ्यायचं. आपल्या घरांत हे नवीन नाही. माझे आजोबा शेताची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, वाचून घ्यायला तलाठ्याकडं जायचे. कन्नड अक्षर त्यांना येत नव्हतं, पण कुठल्या रकान्यात काय असतं हे पाठ होतं. बर्लिनमध्ये पहिल्यांदा जर्मन फॉर्म समोर आला तेव्हा मी तेच केलं. आधी रकाने ओळखायचे, मग शब्द.

तिथं उतरल्यावर एक साखळी सुरू होते आणि तिची पहिली कडी म्हणजे खोली. खोली मिळाली की घरमालकाकडून तुम्ही तिथं राहता असा सहीचा कागद. तो घेऊन ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात, पत्त्याची नोंदणी. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असा कायदा आहे. नोंदणी असली की बँकेत खातं सहज उघडतं, आणि खातं उघडलं की उलट्या पिग्मीचा पहिला हप्ता सुटतो. एक कडी अडकली की पुढच्या सगळ्या अडकतात. म्हणून दोन महिन्यांचा खर्च हातात वेगळा ठेवूनच निघावं.

बर्लिनमध्ये खोली मिळणं अवघड आहे, हे कुणी गोड करून सांगू नये. विद्यार्थी वसतिगृहांची यादी लांब असते, प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी नाव घालायचं. बाहेर भाड्यानं घेताना जाहिरातीत दोन आकडे दिसतात: काल्टमीटे म्हणजे शब्दशः थंड भाडं, नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे गरम भाडं, पाणी, सफाई, बहुतेक वेळा गरम ठेवण्याचा खर्चही धरून. खिशातून गरम भाडं जातं, तेच बघायचं. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, हा तिथला कायदा. आणि मालक सांगत असेल की मी सध्या परगावी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालानं येईल, तर ती फसवणूक समजा. आमच्या बॅचच्या एका मुलीचे असेच पैसे गेले. घरी सांगायला तिला महिना लागला.

बॅगेत कुंदा भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि कुंदा दुधाचाच. आईनं दोन डबे बांधलेले मी काढून ठेवले तेव्हा तिला किती वाईट वाटलं ते अजून आठवतं. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं, ते फेब्रुवारीपर्यंत पुरवलं.

वर्गात बसल्यावर पहिला धक्का हजेरीचा. मोठ्या व्याख्यानांना बहुधा हजेरीच घेत नाहीत. कुणी विचारत नाही, कुणी रागावत नाही, आणि सेमिस्टरच्या शेवटी एकाच परीक्षेवर बहुतेक सगळं ठरतं. त्या परीक्षेसाठी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. विषय शिकलात म्हणून परीक्षेला बसायला मिळतं असं नाही. वेळापत्रकात दहा वाजल्याचं लिहिलेलं व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं, ही तिथली जुनी रीत, आणि संपलं की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात. व्याख्यानाला जोडून छोटे वर्ग असतात, युबुंग म्हणतात त्यांना. गणितं तिथं सुटतात, शंका तिथं विचारायच्या, ओळखीही तिथं होतात. मोठ्या व्याख्यानाला एखाद वेळ दांडी पडली तर चालेल. युबुंग चुकवू नका.

भाषेचं भय आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात जास्त असतं, आणि मला वाटतं त्यांनाच ते सगळ्यात कमी असायला हवं. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, कॉलेजात इंग्रजी, खडेबाजारात गरज पडेल तशी हिंदी. आपण दिवसातून चार वेळा भाषा बदलतो. मागणी करूनही आपल्या भाषेत कागद न मिळण्याचं दुःख आपल्या घरांत १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आहे, ते खोटं नाही आणि लहानही नाही. पण न कळणाऱ्या भाषेच्या रांगेत न घाबरता उभं राहायची सवय आपल्याला त्यातूनच लागली. पुण्या-मुंबईहून आलेल्या मैत्रिणी दुकानात जर्मन ऐकून गोंधळायच्या. मला चार शब्दांवर काम चालवता यायचं. जाण्याआधी तीन-चार महिने जर्मन जरूर शिका, निदान आकडे, वार, तारखा आणि "पुन्हा एकदा हळू सांगाल का" हे वाक्य. विषय इंग्रजीत असले तरी घरमालक, डॉक्टर आणि कार्यालय जर्मनच बोलतं.

शहराबद्दल एकच सांगते. बर्लिनमध्ये दोन विद्यापीठं जणू एकमेकांकडं पाठ करून उभी आहेत. शहराच्या मधोमध हुम्बोल्ट, १८१० मध्ये स्थापन झालेलं. युद्धानंतर ते सोव्हिएत ताब्यातल्या भागात गेलं, तेव्हा तिथल्या बंधनांना कंटाळलेल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी पश्चिमेला डालेम भागात १९४८ मध्ये फ्राय युनिव्हर्सिटी काढली, फ्राय म्हणजे मुक्त. १९६१ ला मधे भिंत आली, ती १९८९ पर्यंत राहिली. आपल्या सीमेची त्या भिंतीशी तुलना करायची नाही, इथं शिनोळीला कुणी कुणाला गोळी घातली नाही. पण भुयारी रेल्वेची जी स्थानकं अठ्ठावीस वर्षं अंधारात बंद होती, तिथून गाडी जाताना मला घरची आठवण यायची. त्याच डालेममध्ये एक जुनी इमारत आहे, जिथं इरावती कर्वे मानवशास्त्रावर संशोधन करत होत्या. वंशावरून माणसाची कवटी आणि बुद्धी ठरते असं मानणाऱ्या प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या, मोजमापातून तसं निघत नाही असं त्याच्याच पुढ्यात मांडलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेतली. मी त्या इमारतीसमोर थंडीत बराच वेळ उभी होते.

घरच्यांशी बोलायची वेळ आधी ठरवा. उन्हाळ्यात बर्लिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. त्या रविवारी आई ठरल्या वेळी फोन करून वाट बघत बसली होती आणि मी तासात होते असं तिला वाटलं. मी झोपले होते.

मामेभाऊ उन्हाळी सेमिस्टरला गेला. जाताना त्यानं माझ्याकडून लर्निंग अॅग्रीमेंटची प्रत नेली, ज्यात मधला भाग कोरा आहे. त्याचेही दोन विषय तिथं बदलले. दोन्ही वेळा त्यानं फॉर्म भरून कोल्हापूरला पाठवला आणि मामांना स्वतः कॉलेजात जाऊन सही घ्यायला लावली. त्याचे तीसच्या तीस जमा झाले. माझे चोवीस.